बोगनवेलीलाही ताण हवा

इंदापूर तालुक्यातल्या लासुर्णे आणि आसपासच्या गावांत डाळिंबाची बाग धरणाऱ्या शेतकऱ्याला ताण म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. हस्त बहार धरायचा तर पाणी कधी तोडायचे, हलक्या रानात किती दिवस आणि भारी रानात किती, पाने पिवळी पडू लागल्यावर पानगळ कधी करायची, छाटणीनंतरचे पहिले पाणी बेताने का द्यायचे, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. पण त्याच शेतकऱ्याच्या फाटकावर चढवलेल्या बोगनवेलीला रोज सकाळी नळी लावलेली दिसते. वेल हिरवीगार, फुटवे रस्त्यावर आलेले, काटे भरपूर आणि फुले चार-दोन. तक्रार ठरलेली असते: रोपवाटिकेतून आणली तेव्हा गच्च फुललेली होती, दारात लावल्यापासून नुसती वाढते आहे.

वेलीत काही बिघाड नसतो. तिला पाणी जास्त होते, एवढेच. डाळिंबाला जी शिस्त लावली जाते तीच बोगनवेलीला लावली, तर लासुर्ण्यासारखे गाव या वेलीसाठी फार चांगले आहे. ऊन भरपूर, हवा कोरडी, हिवाळ्याच्या रात्री थंड आणि पाऊस साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर, तोही बराचसा सप्टेंबरात पडणारा. कोकणात किंवा मावळात पावसाळाभर ओल्या मातीत उभ्या असलेल्या बोगनवेलीला हे भाग्य लाभत नाही.

गावाला पाण्याची सवय लागली ती कालव्यामुळे. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यानंतर सरकारने नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेतले आणि १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात बारमाही पाणी आले. पुढे ऊस आला, वालचंदनगरची वसाहत उभी राहिली, भवानीनगरला सहकारी कारखाना झाला. ज्या आजोबा-पणजोबांनी चारीचे पाणी येईपर्यंत आभाळाकडे डोळे लावून दिवस काढले, त्यांच्या घरी पाणी घालणे म्हणजे माया करणे, हा संस्कार रुजला तर नवल नाही. दारातल्या झाडाला पाणी न घालणे इथे हेळसांड वाटते.

त्याच पाण्याची दुसरी बाजूही या खोऱ्याने फार लवकर पाहिली. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. भारी काळ्या रानात पाणी मुरत राहिले, निचरा झाला नाही, तर खालचे क्षार वर येतात आणि जमीन पांढरी पडते, हे या भागातला म्हातारा माणूस आजही बोट दाखवून सांगेल. बोगनवेल क्षार बऱ्यापैकी सोसते. समुद्रकाठच्या बंगल्यांभोवती ती उगाच लावली जात नाही. पण तिला क्षारांपेक्षा साचलेले पाणी जास्त मारते. मोरीचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि केळ छान येते म्हणून तिथेच बोगनवेल लावणे, ही खेड्यातली सर्वांत सामान्य चूक आहे. मुळे कुजतात, पाने पिवळी होऊन गळतात, आणि घरातली माणसे वेल सुकते आहे असे समजून आणखी पाणी ओततात.

या वेलीचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ब्राझील आणि पेरूच्या बाजूला. १७६६ मध्ये फ्रान्सहून लुई आंत्वान द बोगनव्हिल यांची जहाजे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. त्यांच्याबरोबर फिलिबेर कॉमर्सन हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १७६७ मध्ये जहाजे रिओ दि जानेरोला थांबली असता ही वेल त्यांच्या संग्रहात आली आणि जहाजांच्या प्रमुखाचे नाव तिला मिळाले. कॉमर्सन यांचा मदतनीस म्हणून जहाजावर वावरणारा तरुण प्रत्यक्षात झान बॅरे नावाची स्त्री होती. त्या काळी फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर स्त्रियांना बंदी असल्यामुळे तिने पुरुषाचा वेष घेतला होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिचे नाव आज घेतले जाते. रिओत कॉमर्सन यांचा पाय दुखावलेला होता. त्यामुळे बोगनवेलीची ती पहिली फांदी बॅरे यांनीच तोडून आणली असावी असे काही अभ्यासक मानतात. वेल बोगनव्हिल यांच्या नावाने जगभर गेली. बॅरे यांच्या नावाची वनस्पती मात्र विज्ञानात आली ती थेट २०१२ मध्ये, आणि ती निघाली वांग्या-बटाट्याच्या कुळातली.

भारतात ही वेल १८६० च्या सुमारास युरोपमार्गे कोलकात्याला पोहोचली. परदेशातून आली असली तरी तिचे दोन नातलग इंदापूर तालुक्यात घरोघरी माहीत आहेत. एक गुलबक्षी, संध्याकाळी उमलणारी. दुसरी घेटुळी, म्हणजेच पुनर्नवा, जी पहिल्या पावसानंतर बांधावर उगवते आणि जिची भाजी जुन्या बायका आवर्जून करतात. तिघी एकाच कुळातल्या. बोगनवेलीचा रंगही तिच्या कुळाची ओळख पटवतो. जास्वंदीचा किंवा जांभळाचा रंग ज्या द्रव्यांनी येतो ती तिच्यात नसतात. तिच्यात बीटाला लाल करणारी द्रव्ये असतात.

आणि हा रंग फुलाचा नसतो, हे जवळून पाहिल्यावर कळते. आपण ज्याला बोगनवेलीचे फूल म्हणतो ते तीन रंगीत पानांचे झुबके असतात. वनस्पतिशास्त्रात या पानांना छदे म्हणतात. प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला एकेक बारीक नळीसारखे फूल चिकटलेले असते, तोंडाशी पांढरट चांदणीसारखे उमललेले. खरी फुले दोन-तीन दिवसांत मिटतात. छदे पानांचीच रूपे असल्यामुळे आठवडे टिकतात; म्हणूनच फेब्रुवारी ते एप्रिल, रानात बाकी सगळे करपत असताना, ही वेल महिनोन् महिने फुललेली दिसते.

आता ताणाकडे वळता येईल, कारण या वेलीची सगळी गंमत तिच्या पानाच्या बगलेत दडलेली आहे.

बोगनवेलीच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी असते. तिच्यापुढे दोन वाटा असतात: फुलोरा होणे किंवा काटा होणे. म्हणजे काटा हा फुलोऱ्याचाच खुंटलेला देठ आहे. वेल कोणती वाट धरणार हे दिवसाच्या लांबीवर, उन्हावर आणि शेंड्याच्या जोरावर ठरते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात हॅकेट आणि सॅक्स या शास्त्रज्ञांनी यावर बरेच प्रयोग केले. द्राक्ष बागायतदार ज्याला 'जीए' म्हणतात ते जिबरेलीन दिले की फुलोऱ्याची वाढ दबते. याउलट, शेंड्याची कोवळी पाने काढली किंवा वाढ रोखणारे सायकोसेल दिले की फुलोरा सुटतो. त्यांनी काढलेला अर्थ असा: कोवळे शेंडे वेलीचे अन्न ओढून घेतात; ती ओढ कमी झाली की तेच अन्न बगलेतल्या कळ्यांकडे वळते.

द्राक्ष आणि डाळिंबाच्या मुलखाला ही भाषा परकी नाही. पाणी आणि नत्र मुबलक असले की शेंडा पळतो, काटे वाढतात, फुलोरा बसत नाही. पाणी तोडले की शेंडा थांबतो. दिवस लहान असतील, ऊन कडक असेल आणि त्यात पाणी कमी पडले, तर वेल रंग धरते. भरघोस काटे असलेली आणि फुले नसलेली वेल पाहिली, की त्या घरी नळी रोज लागते हे न विचारता सांगता येते.

या गावात वर्षाचे वेळापत्रक लावायला तारखा पाठ करायची गरज नाही. तुकोबांची पालखी बेलवाडीचे रिंगण आटोपून लासुर्ण्यावरून अंथुर्णे, निमगाव केतकीच्या दिशेने जाते, तेव्हा बोगनवेलीची मोठी छाटणी करावी. उन्हाळ्याचा बहार तोवर संपलेला असतो आणि पाऊस तोंडावर असतो. डाळिंबाची किंवा द्राक्षाची सिकेटर चालते, पण धार लावून आणि पुसून घ्यावी. मेलेल्या, एकमेकीत गुंतलेल्या आणि आतल्या अंगाच्या बारीक फांद्या पूर्ण काढाव्यात. जोमदार फांद्या अर्ध्यावर आणाव्यात. फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे ही छाटणी करताना हात आखडू नये. नुकत्याच लावलेल्या रोपाला मात्र पहिले वर्षभर मोठी छाटणी करू नये. हातमोजे घालावेत, काट्याची जखम काहींना चांगलीच सलते आणि कातडीवर पुरळही उठते.

छाटणी झाली की जमिनीतल्या मोठ्या वेलीला दोन घमेली कुजलेले शेणखत, मूठभर सुपर फॉस्फेट आणि अर्धी मूठ पोटॅश पुरेसे होते. युरिया नकोच. उसाला टाकून उरलेला युरिया दारातल्या झाडांना शिंपडण्याची रीत इथे आहे, आणि बोगनवेलीच्या बाबतीत ती सरळ नुकसानीची आहे. पावसाळ्यात नवे फुटवे वीतभर झाले की शेंडे खुडत राहावे, म्हणजे बगलेतून जास्त फांद्या फुटतात. शेवटची खुडणी सप्टेंबरच्या अखेरीस. परतीचा पाऊस इथे धो धो येतो, त्यामुळे ताण सुरू होतो तो ऑक्टोबरच्या मध्यावर, रान वाफशावर येऊन सुकायला लागल्यावर.

ताण म्हणजे वेल वाळवणे नव्हे. जमिनीतल्या जुन्या वेलीचे पाणी सरळ बंद करावे. काळ्या रानात तिची मुळे खोल गेलेली असतात आणि महिनाभर ती काही मागत नाही. पाने दुपारी किंचित मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर ताण बरोबर चालला आहे. सकाळीही पाने लोंबलेलीच दिसली तर तो जास्त झाला. तेव्हा हलके पाणी द्यावे. कुंडीतल्या वेलीला पाने झुकेपर्यंत थांबावे, मग तांब्याभर पाणी, मग पुन्हा थांबावे. असे तीन-चार आठवडे. फांद्यांच्या टोकाला रंगाचे बारीक ठिपके दिसू लागले की पाणी वाढवावे, पण एकदम नाही. रंग धरल्यानंतर अचानक भरपूर पाणी मिळाले तर छदे गळतात, आणि डाळिंबाच्या कळीगळीचा अनुभव असलेल्याला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. फुलोरा पूर्ण आल्यावर जमिनीतल्या वेलीला पंधरवड्यातून एक चांगले पाणी पुरते.

ऊन हवे ते थेट आणि दिवसाचे किमान सहा तास. चिंचेच्या किंवा आंब्याच्या सावलीत लावलेली बोगनवेल ताणानेही फुलत नाही.

लागवडीच्या जागेविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. ज्यांचे घर माळावर, मुरमाड जमिनीत आहे ते या वेलीच्या बाबतीत भाग्यवान. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली ती अशाच खडकाळ माळावर. दुष्काळ, उष्णता आणि क्षार सोसणाऱ्या शेतीचा अभ्यास तिथे चालतो. आपल्या माळाला लोक नापीक म्हणून नावे ठेवतात, पण बोगनवेलीला त्याच मातीत निचरा मिळतो. भारी काळ्या रानात मात्र खड्ड्यात लावू नये. दोन-अडीच फूट रुंदीचा उंचवटा करावा, त्यात अर्धी काळी माती आणि अर्धा मुरूम मिसळावा, थोडे शेणखत घालावे, आणि रोप त्या उंचवट्यावर बसवावे. खड्डा केला तर पावसाळ्यात तो विहिरीसारखा भरतो.

रोप पिशवीतून काढताना जपावे. बोगनवेलीची मुळे फार नाजूक आणि ठिसूळ असतात. मातीचा गोळा फुटला तर महिनाभर वेल रुसून बसते किंवा मरतेच. पिशवी ब्लेडने दोन्ही बाजूंनी चिरून, गोळा हलू न देता खाली ठेवावा. बऱ्याच रोपवाटिका रोपे कोकोपीटमध्ये वाढवतात. तो गोळा एकदा वाळला की पाणी धरत नाही आणि ओला राहिला की फार काळ ओला राहतो, म्हणून पहिले दोन महिने त्यावर लक्ष ठेवावे. कुंडी दहा-बारा इंचांची, तळाला भोक मोठे. मुळे कुंडीत दाटल्यावर ही वेल जास्त फुलते, त्यामुळे दरवर्षी मोठ्या कुंडीत हलवण्याचा उत्साह आवरावा.

या भागातल्या बोगनवेलीला एक रोग हमखास दिसतो आणि तो कोणत्याही किडीचा नाही. नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या. उसाच्या खोडव्यात हेच दिसले की शेतकरी म्हणतो, केवडा पडला. चुनखडीच्या, जास्त सामू असलेल्या जमिनीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. बोगनवेलीला खरे तर किंचित आम्लधर्मी माती आवडते. क्षार ती सोसते, चुना तिला सोसत नाही. उपायही उसाचाच: लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. जमिनीतून द्यायचे तर फेरस सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवून द्यावे. नुसते टाकले तर चुनखडी ते पुन्हा अडकवून ठेवते.

आता जातींविषयी. पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर ते उरुळी कांचन आणि पुढे यवतपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे. तिथे गेलेला माणूस रंग पाहून रोप उचलतो. थोडी माहिती असली तर निवड चांगली होते. सर्वत्र दिसणारी जांभळट गुलाबी वेल बहुधा ग्लाब्रा प्रकारची असते. ती सर्वांत सोशिक, लवकर रुजणारी, वर्षातून अनेकदा फुलणारी; पहिल्यांदा लावणाऱ्याने तीच घ्यावी. किरमिजी लाल 'मिसेस बट' ही पेरूव्हियाना आणि ग्लाब्रा यांच्या संकराची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबियातल्या कार्ताहेना शहरातल्या एका बागेत ती सापडली आणि त्रिनिदादमार्गे जगभर गेली.

'मिसेस बट'ची पुढची कथा भारतातली आहे. १९४९ मध्ये कोलकात्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत तिच्या एका फांदीने वेगळीच छदे काढली: काही पांढरी, काही गुलाबी, कधी एकाच झुबक्यात दोन्ही. ती फांदी वेगळी वाढवली आणि 'मेरी पामर' जन्माला आली. पुढे 'मेरी पामर'च्याच फांदीवरून पूर्ण पांढरी 'शुभ्रा' आणि चित्रविचित्र पानांची 'थिम्मा' मिळाली. बोगनवेलीच्या अनेक जातींना बी जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे नव्या जातींचा मोठा भाग अशा अचानक बदललेल्या फांद्यांतून आला आहे. गव्हाच्या तांबेरा-प्रतिकारक वाणांसाठी प्रसिद्ध असलेले बी. पी. पाल यांनी गुलाबाइतकाच जीव बोगनवेलीला लावला, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे १९६६ पासून बोगनवेलीच्या नव्या जातींच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे काम आहे. जगातली कुठलीही नवी बोगनवेल नोंदवायची तर अर्ज दिल्लीला येतो, हे मराठी बागप्रेमींना माहीत असायला हवे.

याचा व्यवहारातला धडाही आहे. 'थिम्मा'सारख्या चित्रविचित्र पानांच्या वेलीवर एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती मुळापासून काढावी. ती जास्त जोमाने वाढते आणि दोन वर्षांत सगळी वेल हिरवी होते. 'महारा'सारख्या दुहेरी जातींत छदांचे गुच्छ गच्च आणि देखणे असतात, पण वाळल्यावरही गळत नाहीत. तपकिरी गुच्छ हाताने कापावे लागतात. अंगण रोज झाडणाऱ्या घराला ही सोय वाटेल, वेलीकडे पाहायला वेळ नसलेल्याला अडचण.

एका चांगल्या वेलीपासून गल्लीभर वेली होऊ शकतात. पालखीच्या सुमारास छाटणीत निघालेल्या पेन्सिलएवढ्या जाड, पक्व फांद्यांचे वीतभर तुकडे करावेत, खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरका घ्यावा, आणि वाळू-मातीच्या मिश्रणात सावलीत लावावेत. साधी जांभळी वेल अशी सहज रुजते. दुहेरी आणि चित्रविचित्र जाती हट्टी असतात. त्यांना मुळे फुटण्याची पावडर लावावी किंवा डाळिंबाला बांधतात तशी गुटी बांधावी.

किडींचा त्रास या वेलीला कमीच. उन्हाळ्यात शेंड्यांवर मिलीबगचा पांढरा कापूस दिसला तर साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा आणि मुंग्यांचा बंदोबस्त पुरतो. पण एक खूण नीट ओळखायला हवी. कधी कधी पानांच्या किंवा छदांच्या कडा कंपासने आखल्यासारख्या गोल कापलेल्या दिसतात आणि माणूस औषधाची बाटली शोधायला लागतो. हे काम अळीचे नसते. पानकापी माशी, म्हणजे एकटीने राहणारी एक जंगली मधमाशी, ते तुकडे नेऊन काडी-भोकात आपल्या अंड्यांसाठी कप्पे बांधते. वेलीचे तिच्यामुळे काहीच बिघडत नाही. याच कुळातल्या माश्या बांधावरच्या तुरीच्या फुलांवर येतात आणि परागीभवन करतात. त्यांच्यावर कीटकनाशक मारले तर नुकसान तुरीच्या शेंगांचे होते.